चार दिवसांची दिल्ली आणि सासूबाईंचे गुडघे

पत्राचा सारांश: परभणीच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात त्या, यजमान, ६७ वर्षांच्या सासूबाई, आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. यजमानांना आठ दिवसांची रजा मिळते. दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली दाखवू, असं मुलांना कबूल केलंय. एका टूरवाल्याने सहा दिवसांत दिल्ली, आग्रा, मथुरा, हरिद्वार असं पॅकेज दिलंय आणि यजमानांचा कल तिकडे आहे. "एवढ्या लांब जायलाव तर ताजमहाल बी होऊन जाऊ दे," असं त्यांचं म्हणणं. नणंदबाई म्हणतात, आईला हरिद्वार घडवा, नाहीतर तिला आमच्याकडे ठेवा. तिचे गुडघे दुखतात, थंडीत दम लागतो. नोएडातले चुलत दीर म्हणतात, घर असताना हॉटेल कशाला? ताईंचे प्रश्न तीन: पॅकेज घ्यावं की आपलं आपण जावं, सासूबाईंना न्यावं का, आणि काहीही न सुटता सगळं कसं बसवावं?

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आलंय. यजमानांचं, नणंदेचं, दिरांचं, मुलांचं. सासूबाईंचं मात्र एकच वाक्य आहे: "तुम्ही न्याल तिकडे." हे उत्तर नाही, संकोच आहे. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर असंच म्हणत आल्या. म्हणून तिकिटाच्या आधी एक काम करा. दुपारी घरात कुणी नसताना त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, एकच ठिकाण निवडायचं म्हटलं तर कोणतं?" "कुठं जायचं" असं विचारू नका, त्यावर पुन्हा तेच उत्तर येईल. त्या गंगा म्हणतील, ताजमहाल म्हणतील, नाहीतर "इंदिरा गांधींचं घर बघायचंय" असंही म्हणतील. पुढचा सगळा बेत त्या उत्तरावर ठरतो.

आता तिसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी अडचण तिथे आहे. "काहीही न सुटता" हे दिल्लीत होत नाही. पंधरा दिवस राहिलात तरी होणार नाही. लांबच्या प्रवासाला निघताना एका खेपेत सगळं उरकावं असं वाटणं साहजिक आहे, भाड्याचे पैसे डोळ्यांपुढे असतात. पण हिशोब मांडून बघा. सहा दिवसांत चार गावं म्हटल्यावर रोज सकाळी बॅगा बांधायच्या, पाच-सहा तास गाडीत बसायचं, पोचल्यावर दोन तास फिरायचं. गुडघ्यांना सर्वांत जास्त त्रास चालण्याचा होत नाही. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पाय दुमडून बसण्याचा आणि उंच पायरीवरून दिवसातून दहा वेळा चढ-उतार करण्याचा होतो.

दिवाळीचंही बोलायला हवं. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर दिल्लीची हवा वर्षातली सर्वांत वाईट असते. वारा पडलेला, गारठ्याने जड झालेली हवा जमिनीलगत अडकलेली, त्यात वाहनांचा धूर, पंजाब-हरियाणातल्या शेतांत पेटवलेला भाताचा पेंढा आणि वर फटाके. दम लागणाऱ्या माणसाला या दिवसांत तिकडे नेऊ नका. डिसेंबर अखेर ते जानेवारी धुक्याचे दिवस, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. त्यातच २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथाचा परिसर वरचेवर बंद असतो. मे महिन्याचं मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तुमच्यासाठी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत थंडी, दुपारी उबदार ऊन. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान याच दिवसांत खुलं असतं. मुलगा आठवीत आहे, दहावीत नाही. शिवजयंतीच्या सुट्टीला जोडून चार-पाच दिवस शाळा बुडली तर बिघडत नाही. दिवाळीचं कबूल केलेलं पुढे ढकलताना मुलांना खरं कारण सांगा, आजीचा दम. समजून घेतील.

वार मात्र नीट धरा, कारण बेत सर्वांत जास्त इथेच फसतो. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर, अमृत उद्यान, प्रधानमंत्री संग्रहालय ही सगळी सोमवारी बंद असतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे. शनिवारी घरून निघून रविवारी पोचणारी कुटुंबं पहिलाच पूर्ण दिवस सोमवारी घालवतात आणि बंद दरवाजे बघत फिरतात. म्हणून परभणीहून मंगळवारी निघा.

परभणीवरून दिल्लीला जाणारी सचखंड एक्स्प्रेस रोजची गाडी आहे. सकाळी नांदेडहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला पोचते. आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. म्हणजे १६ फेब्रुवारीला निघायचं असेल तर १८ डिसेंबरला आठ वाजता फोन हातात हवा. पाचही जणांचं एकत्र तिकीट काढताना "किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा" हा पर्याय निवडा. उशीर झाला तर सासूबाईंचं तिकीट वेगळं, ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून काढा. ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यांच्यासाठी तो कोटा आहे, पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी चालतात. पाच जणांच्या तिकिटावर तो लागूच होत नाही आणि लोक "कोटा असून वरचा बर्थ दिला" म्हणून हळहळतात. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशोबात धरू नका. मुलगी बारा वर्षांच्या आतली असली तरी तिला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं. सत्तावीस तासांचा प्रवास आहे, तिला बर्थ घ्याच.

येताना शक्य असेल तर दिल्ली ते छत्रपती संभाजीनगर विमानाने या आणि पुढे परभणीपर्यंत रेल्वे किंवा गाडी करा. पूर्ण एक दिवस वाचतो आणि थकलेल्या गुडघ्यांना दुसरी रात्र गाडीत काढावी लागत नाही. तिकिटावर टर्मिनल कोणतं आहे ते आदल्या दिवशी पाहा. नवी दिल्ली स्टेशनवरून निघणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो टर्मिनल ३ ला जाते. टर्मिनल १ ची मेट्रो वेगळी, मजेंटा लाइनची. चुकीच्या टर्मिनलवर उतरलात तर विमान हुकू शकतं.

राहायचं कुठे? दिरांचं बोलावणं प्रेमाचं आहे आणि नाही म्हटलं तर मन दुखावेल, ही तुमची भीती समजते. पण नोएडाहून रोज ये-जा म्हणजे जाता-येता मिळून दोन-अडीच तास. शिवाय घरात पाहुणे म्हटल्यावर सकाळचा नाश्ता झाल्याशिवाय तुम्हाला कुणी बाहेर पडू देणार नाही. दहा वाजता निघालात की अकरा वाजता लाल किल्ल्याच्या रांगेत. त्यांना आधीच फोन करून सांगा, "एक संध्याकाळ पूर्ण तुमच्याकडे, जेवूनच जाऊ." यजमानांनी स्वतः सांगावं, तुम्ही नको.

हॉटेल करोलबाग किंवा कॅनॉट प्लेसच्या आसपास, मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर बघा. नवी दिल्ली स्टेशनसमोरच्या पहाडगंजमध्ये स्वस्त खोल्या भरपूर आहेत, पण गल्ल्या अरुंद आणि कित्येक ठिकाणी लिफ्ट नाही. फोटोवर विसंबू नका. फोन करून तीनच गोष्टी विचारा: लिफ्ट चालू आहे का, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, संडास कमोडचा आहे का. मुलांसह पाचही जणांची आधार कार्डं जवळ ठेवा.

स्टेशनवर उतरल्यावर कुठून बाहेर पडता तेही महत्त्वाचं. फलाट १ पहाडगंजच्या बाजूला, फलाट १६ अजमेरी गेटच्या बाजूला, आणि मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. बाहेर कुणीही येऊन "तुमचं हॉटेल बंद झालंय", "आज लाल किल्ला बंद आहे", "सरकारी टुरिस्ट ऑफिस इकडे आहे" असं सांगितलं तर थांबू नका, वादही घालू नका. हे लोक कमिशनवर गिऱ्हाईक वळवतात. हॉटेलला फोन लावा, दोन मिनिटांत खरं कळतं.

आता फिरण्याचं. दिल्लीत एका दिवसाला एकच दिशा धरा. ठिकाणांची यादी करून त्यातली रोज पाच उडवायची ही पद्धत सोडा. सकाळी कुतुब, दुपारी लाल किल्ला, संध्याकाळी अक्षरधाम असं केलं तर निम्मा दिवस रस्त्यात जातो.

बुधवारी दुपारी पोचाल. अंघोळ, थोडी झोप, आणि संध्याकाळी फक्त बंगला साहिब गुरुद्वारा. डोकं झाकायला रुमाल हवा. घरात कुणाला तंबाखूची सवय असेल तर पुडी खोलीवरच राहू द्या, गुरुद्वाऱ्यात ती अजिबात चालत नाही. सरोवराच्या कडेला सासूबाईंना निवांत बसता येईल आणि रात्रीचं जेवण लंगरमध्ये होईल. प्रवासाच्या दिवशी याहून जास्त काही करू नका.

गुरुवार जुन्या दिल्लीचा. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवर लाल किल्ला स्टेशन आहे. उघडायच्या वेळेला, साडेनऊला दारात असा; अकरानंतर तपासणीची रांग लांबते. लाहोरी दरवाजापासून दिवाण-ए-खासपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे किलोमीटरभराच्या वर चालणं होतं, ते सासूबाईंना आधी सांगा आणि नौबतखान्यापाशी बसवून थांबा. तिथून चांदणी चौकात सायकल रिक्षा करा. दिवसा या रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे रिक्षातून आरामात बघता येतं. वाटेवर शीशगंज गुरुद्वारा आहे. गुरू तेगबहादूरांचं बलिदान १६७५ मध्ये इथे झालं, आणि त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंहजी १७०८ मध्ये आपल्या नांदेडला ज्योतीज्योत समावले. मुलं नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलेली असतील तर ही ओळ त्यांना शीशगंजलाच उभं करून सांगा. दुपारी चांदणी चौक स्टेशनवरून यलो लाइनने दोनच स्टेशनं पुढे, सिव्हिल लाइन्सला उतरा. २६, अलीपूर रोड. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झालं ती जागा. उघडलेल्या संविधानाच्या आकाराचं स्मारक तिथे २०१८ मध्ये झालं. टूरवाल्यांच्या दिल्ली दर्शनात हे सहसा नसतं. बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या मुलखातल्या माणसाने ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवारी दक्षिणेकडे. कुतुबमिनार नावाचं मेट्रो स्टेशन आहे, पण मिनार तिथून दीड-दोन किलोमीटर दूर आहे. बाहेर आल्यावर थेट ऑटो करा, चालत निघू नका. मिनार साडेबहात्तर मीटर उंच. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी झाली तेव्हापासून वर चढायला बंदी आहे, हे मुलांना आधीच सांगितलं तर हिरमोड होत नाही. दौलताबादचा चांदमिनार त्यांनी पाहिलाय ना? मग दोन्ही मिनारांत काय वेगळं ते त्यांना शोधू द्या. दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवणाऱ्या मुहम्मद तुघलकाची आठवणही इथेच निघेल. सन १३२७ ची गोष्ट, तीच वाट तुम्ही आत्ता उलटी चालून आलात. परतताना यलो लाइनवरच आयएनए स्टेशनला दिल्ली हाट आहे, तिथे निरनिराळ्या राज्यांचं जेवण एका आवारात मिळतं आणि बसायला जागा असते. तासभर आराम करून चारच्या सुमाराला हुमायूनच्या मकबऱ्याला जा. उतरत्या उन्हात लाल दगड आणि पांढरा संगमरवर फार सुंदर दिसतो. वरच्या ओट्यावर जायला चढ्या पायऱ्या आहेत. सासूबाईंना बागेत, पाण्याच्या पाटाजवळ बसू द्या, खालूनही मन भरतं. ताजमहालाच्या सत्तरेक वर्षं आधीची ही इमारत. मकबरा, मग ताज, मग आपला बीबी का मकबरा, अशी ती नात्याची साखळी आहे.

शनिवारी मधली दिल्ली. अमृत उद्यानाची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, प्रवेश फुकट असतो. नंतर राष्ट्रीय संग्रहालय किंवा तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, दोन्ही नको. मोहेंजोदडोची ती कांस्याची नर्तकी राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून मोठी वाटते, प्रत्यक्षात वीतभरही नाही, साडेदहा सेंटिमीटर. संध्याकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि इंडिया गेट. २०१९ मध्ये झालेल्या या स्मारकात स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या जवानांची नावं गोलाकार भिंतींवर, एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरली आहेत. तुमच्या गावचा, ओळखीतला कुणी त्यात असेल तर नाव आणि पलटण घरूनच लिहून न्या आणि ती वीट शोधा. मुलं ते विसरणार नाहीत.

मेट्रोबद्दल थोडं. भाडं ११ ते ६४ रुपये. प्रत्येकाला स्वतंत्र तिकीट किंवा कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. घाईत तुम्ही आणि सासूबाई त्यात आणि यजमान मुलांसह भलत्या डब्यात असं होतं, तेव्हा कोणत्या स्टेशनवर उतरायचं ते चढण्याआधी सगळ्यांना पाठ असू द्या. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ राजीव चौकात गाडी बदलू नका, त्या गर्दीत वयस्क माणसाचा तोल जातो. त्या वेळेत सरळ टॅक्सी करा. लिफ्ट सगळीकडे असते पण ठराविक दारापाशी, म्हणून आत जाण्याआधी दाराचा क्रमांक विचारा.

उरले रविवार आणि सोमवार. सासूबाईंनी हरिद्वार म्हटलं असेल तर आग्रा सोडा. मुलांना ताजमहाल पुढच्या वीस वर्षांत कधीही बघता येईल, आजीची गंगा आत्ताच. रविवारी सकाळी नवी दिल्लीहून देहरादून शताब्दी साधारण पाच तासांत हरिद्वारला सोडते. शनिवार-रविवार काढून दिल्लीकर परतत असतात तेव्हा तुम्ही तिकडे पोचता, म्हणून रविवारची रात्र आणि सोमवारची सकाळ बरीच मोकळी मिळते. संध्याकाळी हर की पौडीची आरती, सोमवारी सकाळी स्नान. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि धार जोरात. साखळी धरूनच उतरवा, लोटा सोबत असला तर वरच्या पायरीवर बसूनही स्नान होतं. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने परत, मंगळवारी विमान. दिल्लीचा बंद वार असा सत्कारणी लागतो.

त्या ताजमहाल म्हणाल्या तर रविवारी गतिमान एक्स्प्रेस. हजरत निजामुद्दीनहून सकाळी आठ-दहाला सुटते, शंभर मिनिटांत आग्रा कँट, आणि संध्याकाळी सहाच्या आत तिथून परत निघते. मोटारगाड्यांना ताजपासून अर्धा किलोमीटर आधीच थांबवतात, तिथून बॅटरीवरची गाडी मिळते. मोठ्या माणसाला ५० रुपये आणि मुख्य घुमटात जायचे वेगळे २००; पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट, म्हणून त्यांचं वय दाखवायला आधार जवळ ठेवा. मग सोमवारी दिवसभर दिरांच्या घरी, नोएडात. हरिद्वारला गेलात तर दिरांना शनिवारी रात्रीचं जेवण सांगा.

आणि पॅकेज? ते वाईटच असतं असं नाही. घरात कुणालाच फोनवरून तिकीट काढता येत नसेल, किंवा मराठी बोलणारी सोबत आणि वरणभात याशिवाय वडीलधाऱ्यांना चैन पडत नसेल, तर घ्यावं. पण आधी कागदावर लिहून घ्या: कोणत्या ठिकाणी आत नेणार आणि कोणतं गाडीतूनच दाखवणार, कोणता वार कुठे, हॉटेल कोणत्या भागात आणि लिफ्ट आहे का, प्रवेश तिकिटं धरून पैसे आहेत का, आणि दुकानांत किती वेळ थांबवणार. एम्पोरियमच्या नावाखाली दोन-दोन तास जातात आणि तोच वेळ कुतुबला कमी पडतो. तुमच्या मुलाला मेट्रोचा नकाशा वाचता येत असेल तर तुम्हाला पॅकेजची गरज नाही. सगळा नकाशा त्याच्या हातात द्या, दिशा त्यालाच ठरवू द्या.

अक्षरधाम मुद्दाम गाळलंय. त्याला किमान अर्धा दिवस लागतो आणि मोबाइल, बॅगा, कॅमेरा बाहेर जमा करावं लागतं. सासूबाईंनी तेच निवडलं तर शनिवारची दुपार द्या, संग्रहालय सोडा. तिथे चाकाची खुर्ची मिळते, मागायला संकोच करू नका.

गाडीसाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात. धपाटे पहिल्याच दुपारी संपवा. आणि बॅगेत वरच्या बाजूला दोन रिकामे डबे आणि ताटल्या ठेवा. सचखंडमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर लंगर येतो, कढी-भात, कधी खिचडी-भाजी. गाडी थोडाच वेळ थांबते, भांडं हातात धरून दारात उभं राहावं लागतं.